‘मास इफेक्ट ३’चा शेवट पुरेसा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेम मालिकेचे तिन्ही भाग लेजेंडरी एडिशनमध्ये (तिघांच्या एकत्रित नव्या आवृत्तीत) सलग खेळून झाले, शेवटी लाल पर्याय निवडला, क्रेडिट्स पाहिले, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. २०१२ मध्ये ज्यावरून एवढा गदारोळ झाला तो शेवट हाच का? तो खेळणाऱ्याला पुरेसं समाधान देतो, की आपल्याच अपेक्षा अवाजवी आहेत?

गेमसाठी कथा आणि संवाद लिहिणं हे माझं काम आहे. या धंद्यात शेवटांचा विषय निघाला की ‘मास इफेक्ट ३’चं नाव आल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पुढे तिन्ही भागांची कथा उघड होणार आहे. खेळायचा बाकी असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आधी सरळ उत्तर. तुम्ही पाहिलात तो मूळ शेवट नाही, ती नंतर डागडुजी केलेली आवृत्ती आहे. मूळ शेवट अपुरा होता, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही पाहिलेला शेवट जगाचं आणि साथीदारांचं पुढे काय झालं हे बऱ्यापैकी सांगतो. तरीही जे राहून जातं ते कथेतलं एखादं उत्तर नाही. रजिस्टर पत्र टाकल्यावर पोचपावती येते ना, तशी पावती इथे येत नाही. तीन भागांत तुम्ही माणसं वाचवलीत, मारलीत, समेट घडवलेत, शब्द दिलेत. ते सगळं मिळालं, नोंदलं गेलं, आणि त्यामुळे हे असं झालं, असं गेमने शेवटी सांगायला हवं होतं. माझ्या मते गेमच्या शेवटात समाधान म्हणतात ते हेच. शेवट सुखाचा की दुःखाचा, सगळी कोडी सुटली की नाही, हे प्रश्न त्यानंतरचे.

६ मार्च २०१२ ला गेम आला तेव्हा नेमकं काय दिसत होतं, ते आधी सांगते. शेपर्ड, म्हणजे खेळणाऱ्याचं मुख्य पात्र, जखमी अवस्थेत क्रूसिबल या महाशस्त्रापर्यंत पोचतो (किंवा पोचते). तिथे लहान मुलाच्या रूपातला कॅटॅलिस्ट भेटतो, मिनिटभरात विश्वाचं रहस्य सांगतो आणि तीन वाटा दाखवतो: रीपरांचा (सजीवांचा संहार करणाऱ्या महाकाय यंत्रांचा) नाश, रीपरांवर ताबा, किंवा यंत्र आणि सजीव यांचं एकत्रीकरण. लाल, निळा, हिरवा. काहीही निवडलं तरी पुढची दृश्यं जवळजवळ तीच, फक्त रंग बदललेला. मास रिले (सूर्यमालांमधल्या प्रवासाची यंत्रं) फुटतात, नॉर्मंडी (शेपर्डचं जहाज) कुठल्याशा जंगलातल्या ग्रहावर आदळते, आणि तिच्यातून बाहेर कोण येतं? पाच मिनिटांपूर्वी लंडनमध्ये तुमच्या शेजारी पळत असलेले साथीदार. ते जहाजावर कधी चढले, हे गेम सांगतच नव्हता.

रिले फुटण्याची गोष्ट तर अजून वाईट. दुसऱ्या भागासाठी मार्च २०११ मध्ये ‘अरायव्हल’ नावाची पुरवणी आली होती. त्यात शेपर्ड एक लघुग्रह आदळवून एक रिले उडवतो आणि त्या स्फोटात अख्खी बहाक सूर्यमाला जाते, तीन लाखांवर बटेरियन (एक परग्रही जमात) मरतात. म्हणजे रिले फुटला की आजूबाजूचं सगळं संपतं, हे गेमनेच शिकवलेलं. वर्षभराने त्याच गेमने आकाशगंगेतले सगळे रिले फुटताना दाखवले आणि अवाक्षर काढलं नाही. खेळाडूंनी साधा हिशेब केला: ज्यांना वाचवायला एवढी धडपड केली, ते सगळे मेले. लेखकांना तसं म्हणायचं नव्हतं. पण आपण घालून दिलेले नियम खेळणारा आपल्यापेक्षा चोख लक्षात ठेवतो, हे लिहिताना विसरून चालत नाही.

आणि वर मीठ चोळावं तसा क्रेडिट्सनंतर एक संदेश झळकायचा: शेपर्ड आता दंतकथा झाला आहे, पुढच्या खेळातून आणि डाउनलोड करायच्या पुरवण्यांमधून ही दंतकथा अशीच घडवत राहा. निरोपाच्या क्षणी दुकानाची पाटी. पुढे हा मजकूर बदलला.

पण लोकांना सर्वांत जास्त झोंबलं ते कॅटॅलिस्टचं बोलणं. त्याचा सगळा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: सजीव आणि त्यांनी घडवलेली यंत्रं यांच्यात संघर्ष अटळ आहे. आता रॅनॉक ग्रह आठवा. तीनशे वर्षांचं क्वेरियन आणि त्यांनी घडवलेली गेथ यंत्रं यांचं वैर. तुम्ही मागच्या भागात टाली या क्वेरियन साथीदाराची साथ दिली असेल, तिच्यात आणि लीजन या गेथ साथीदारात झालेलं भांडण नीट मिटवलं असेल, वाटेतली मिशनं जबाबदारीने केली असतील, तर तिथे खरोखर समेट होतो. यंत्रं आणि त्यांचे निर्माते एकाच ग्रहावर घरं बांधायला लागतात. हा समेट खेळाडूने कमावलेला असतो, आयता मिळत नाही. आणि त्यानंतर काही तासांनी तो मुलगा सांगतो की असं होऊच शकत नाही, तर मूळ शेवटात शेपर्डला “अरे, मी आत्ताच करून आलोय” एवढंही म्हणता येत नव्हतं. तुम्ही केलेली सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिची नोंदच नाही. शिवाय लाल पर्याय घेतला तर तेच गेथ मरणार, ही वर शिक्षा.

याच गेममध्ये पोच कशी द्यायची याचा उत्तम नमुना आहे, म्हणून राग जास्त येतो. क्रोगनांचा टुचांका ग्रह घ्या. क्रोगन जमातीवर लादलेला जेनोफेज (जन्मदर घटवणारा रोग) बरा करायचा की नाही, हा प्रश्न पहिल्या भागापासून चालत आलेला. पहिल्या भागात व्हर्मायरवर क्रोगन साथीदार रेक्स तुमच्या हातून किंवा तुमच्या समोर मेला असेल, तर तिसऱ्या भागात क्रोगनांचा म्होरक्या त्याचा आडमुठा भाऊ रीव्ह असतो. दुसऱ्या भागात मॅलनचं जेनोफेजच्या औषधावरचं संशोधन जाळलं की जपलं, यावर ईव्ह ही क्रोगन स्त्री जगते की मरते ते ठरतं. रेक्स आणि ईव्ह दोघं असतील तर क्रोगनांना शहाणं नेतृत्व मिळणार, म्हणून शास्त्रज्ञ साथीदार मॉर्डिन कोणाचं ऐकत नाही, औषध सोडायला त्या कोसळत्या मनोऱ्यावर चढतो. रीव्ह म्होरक्या आणि ईव्ह गेलेली असेल, तर त्याच मॉर्डिनला समजावून माघारी पाठवता येतं, कारण आता त्यालाही शंका वाटते. त्याला पाठीत गोळी घालण्याची सोयसुद्धा आहे. औषध दिल्याचं नाटक करून क्रोगनांना फसवलंत, तर रेक्सला नंतर ते कळतं आणि तो सिटाडेल या अंतराळस्थानकावर तुम्हाला जाब विचारायला येतो. एका मिशनमध्ये तीन गेममधल्या निर्णयांचे धागे येऊन मिळतात, आणि परिणाम तुमच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून, त्याच्या वागण्यातून दिसतो. मॉर्डिन मरतो तेव्हा आपण रडतो, पण अपुरं काही वाटत नाही.

आता शेजारी राख्नी राणी ठेवा. पहिल्या भागातला केवढा मोठा निर्णय होता तो: एका अख्ख्या जमातीची शेवटची राणी, सोडायची की मारायची. तिसऱ्या भागात सोडली असेल तर राणी भेटते. मारली असेल तर? रीपरांनी दुसरी बनवलेली असते, आणि मिशन तेच. पुढे तिचं काय होतं? युद्धसामग्रीच्या यादीत एक आकडा. ‘मास इफेक्ट ३’ने बहुतेक निर्णयांचं शेवटी हेच केलं: सगळ्यांची बेरीज करून एक लष्करी ताकदीचा आकडा काढला आणि त्या आकड्यावर शेवटाचे बारीकसारीक फरक ठेवले. त्यात भर म्हणजे २०१२ मध्ये मल्टिप्लेयर न खेळणाऱ्याची सज्जता (ताकदीच्या आकड्याला लागणारा गुणक) पन्नास टक्क्यांवरच अडकून राहायची. (लेजेंडरी एडिशनमध्ये मल्टिप्लेयर नाही, त्यामुळे तुम्हाला हा जाच झाला नाही.) आकडा ही पोच नव्हे. आकड्यात रेक्स आणि एखादं मालवाहू जहाज यांच्यात फरक राहत नाही.

मग असं का केलं असेल? आतल्या बाजूने पाहिलं तर कारण समजतं. दहा हो-नाही निर्णय घेतले तर त्यांच्या जोड्या १,०२४ होतात. तितके शेवट कोणीही बनवू शकत नाही. शेवट बनतो सर्वांत उशिरा, तेव्हा पैसे आणि माणसं दोन्ही दमलेली असतात. हा गेम आधी २०११ च्या अखेरीस यायचा होता, तो मार्चवर गेला. तरीसुद्धा अडचण सुटण्यासारखी होती आणि सोडवलेलीही होती. १९९७ च्या ‘फॉलआउट’ने ती साध्या युक्तीने सोडवली: शेवट एक न ठेवता त्याचे तुकडे केले. प्रत्येक वस्तीसाठी एक चित्र आणि चार वाक्यं, तुम्ही जे केलंत त्याप्रमाणे. दहा निर्णयांना वीस तुकडे पुरतात, १,०२४ लागत नाहीत. ‘मास इफेक्ट’ बनवणाऱ्या खुद्द बायोवेअरने २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये हेच केलं होतं. लढाई संपल्यावर नायक जिवंत असेल तर समारंभात साथीदारांशी एकेक करून बोलायचं, मग लिखित उपसंहार वाचायचा. २०१० च्या दुसऱ्या ‘मास इफेक्ट’चं आत्मघातकी मिशन तर याहून पुढे गेलं. कोणाचा विश्वास कमावलात, जहाजात काय सुधारणा केल्यात, कोणाला कोणत्या कामावर पाठवलंत, यावर कोण जगतं ते ठरायचं. चुकलात तर शेपर्डही मरायचा. त्यामुळे तिसऱ्या भागाचा शेवट लोकांनी कशाशी ताडून पाहिला असेल? त्याच कंपनीच्या आधीच्या दोन शेवटांशी. तुमच्या प्रश्नातल्या अपेक्षा अवाजवी नव्हत्या, त्या त्यांनीच लावलेल्या होत्या. गेम येण्याआधी दिग्दर्शक केसी हडसन मुलाखतीत सांगत होते की या गेमला ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे मोजता येणारे शेवट नसतील.

पुढचं बरंच जण जाणतात. ‘रीटेक मास इफेक्ट’ मोहिमेने निषेध म्हणून ‘चाइल्ड्स प्ले’ या धर्मादाय संस्थेसाठी ८० हजार डॉलरच्या वर रक्कम जमवली. कोणी बायोवेअरच्या कचेरीत चारशेच्या आसपास कपकेक पाठवले, लाल, निळे, हिरवे, आणि सगळ्यांची चव एकच. इतकी नेमकी समीक्षा मी शब्दांत क्वचितच वाचली आहे. धमक्या देणारेही होते, त्यांचं समर्थन करायचं कारण नाही. २१ मार्चला सहसंस्थापक रे म्युझिका यांनी खुलं पत्र लिहिलं, आणि २६ जूनला ‘एक्स्टेंडेड कट’ मोफत आला. तुमच्या एडिशनमध्ये तोच आहे.

त्याने काय दुरुस्त केलं? साथीदारांना जखमी अवस्थेत नॉर्मंडीवर चढवण्याचं दृश्य घातलं, म्हणजे ते जहाजावर कसे हे कळलं. रिले उद्ध्वस्त न दाखवता मोडलेले, पुन्हा उभे करता येण्यासारखे दाखवले. कॅटॅलिस्टला अधिक प्रश्न विचारता येऊ लागले. तिन्ही पर्याय नाकारायची सोय आली (तसं केलं तर हे युगचक्र हरतं, पण साथीदार लियाराने पुरून ठेवलेल्या नोंदींमुळे पुढचं जिंकतं). आणि चित्रमालिका आली, ‘फॉलआउट’सारखीच: नाशाच्या शेवटात ॲडमिरल हॅकेटचा आवाज, ताब्याच्या शेवटात शेपर्डचा स्वतःचा, एकत्रीकरणात ईडीचा, म्हणजे जहाजाच्या कृत्रिम बुद्धीचा. क्रोगनांची पिल्लं, रॅनॉकवरचे क्वेरियन, तुमच्या निर्णयांप्रमाणे.

हे बरं झालं, पण माझ्या लेखी त्यातलं सोनं एकच दृश्य आहे: नॉर्मंडीवरची स्मृतिभिंत. ही भिंत तुम्ही अख्खा तिसरा भाग लिफ्टमधून बाहेर पडताना पाहत आलेले असता. तुमच्या खेळात जे मेले, त्यांचीच नावं तिच्यावर असतात. शेवटी शेपर्डचा गुरू अँडरसन याचं नाव लागतं, आणि मग तुमचं ज्याच्याशी प्रेम जुळलं ती व्यक्ती शेपर्डच्या नावाची पट्टी हातात घेऊन उभी राहते. नाशाच्या वाटेने पुरेशी ताकद जमवली असेल तर ती पट्टी लावली जात नाही, हात थबकतो. एक शब्द न बोलता हे दृश्य सांगतं की तुम्ही कोण होतात, कोणाचे होतात, कोणाला गमावलंत. गेममधलीच ओळखीची वस्तू, तुमच्याच खेळातली नावं. चित्रमालिकेतली दहा चित्रं एकीकडे आणि ही भिंत एकीकडे.

मग तुम्हाला तरी का राहून गेल्यासारखं वाटतं? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, शेवटचा निर्णय आधीच्या शंभरएक तासांशी जोडलेला नाही. रेक्स, टाली, गॅरस यांच्याबाबतचे निर्णय तुम्ही माणसं ओळखून घेतलेत. शेवटचा निर्णय आत्ताच भेटलेल्या एका परक्याने दिलेल्या माहितीवर घ्यायचा, तोही सैद्धांतिक. त्याच्या आधीचं दृश्य, शेपर्ड आणि अँडरसन रक्तबंबाळ होऊन शेजारी बसलेत, समोर पृथ्वी, आणि अँडरसन म्हणतो की मला तुझा अभिमान वाटतो, तिथे गेम भावनेच्या दृष्टीने संपलेला असतो. त्यानंतरचं सगळं नव्याने सुरू केलेल्या निबंधासारखं लांबतं.

दुसरं कारण गेम या माध्यमाचंच आहे. उपसंहारात कंट्रोलर हातात असतो पण करायला काही नसतं. ज्या हातांनी सगळं घडवलं त्यांना बाजूला बसवून चित्रं दाखवतात. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ने इथे वेगळी वाट धरली. आर्थर मॉर्गन क्षयाने खंगत जातो, मरतो, आणि त्यानंतर गेम तुम्हाला जॉन मार्स्टन बनवून कित्येक तास शेण उचलायला, गायींचं दूध काढायला, घर उभारायला लावतो. अनेकांना हा भाग रटाळ वाटला. मला तो गेममधला सर्वांत धीट निर्णय वाटतो, कारण आर्थरने जीव देऊन जे विकत घेतलं ते जगणं तुम्ही स्वतःच्या हातांनी जगून बघता. शोक करायला वेळ मिळतो, आणि तो वेळ रिकामा नसतो.

उघडे शेवट म्हणजे अपुरे शेवट, असा मात्र माझ्या बोलण्याचा अर्थ काढू नका. २०१३ चा ‘द लास्ट ऑफ अस’ एका खोट्यावर आणि एली त्यावर जो एक शब्द बोलते त्यावर संपतो. पुढे काय, काहीच कळत नाही, तरी तो पुरता शेवट आहे. त्या गेमने तुम्हाला निर्णयांचं आमिष कधी दाखवलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं देणंही नव्हतं. उलट ‘हाफ-लाइफ २: एपिसोड टू’ ऑक्टोबर २००७ मध्ये एलाय व्हान्सच्या मृत्यूवर तुटला, पुढचा भाग येणार असं गृहीत धरून, आणि तो तिसरा एपिसोड आलाच नाही. २०१७ मध्ये लेखक मार्क लेडलॉ यांनी नावं बदलून त्या कथेचा आराखडा स्वतःच प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे लोकांना काही हाती लागलं. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ आठवा. भावाला शोधायला निघालेली मुलगी, देखणी भित्तिचित्रं, आणि शेवट अचानक येऊन थांबतो अशी तक्रार बऱ्याच समीक्षकांनी केली. छोट्या चमूच्या पहिल्या गेममध्ये मला ते क्षम्य वाटतं. तीन गेम आणि पाच वर्षं खेळाडूंची सेव्ह फाइल पुढे नेणाऱ्या मालिकेला ती सूट देता येत नाही.

पुढच्या गेमकडून या शेवटाची भरपाई होईल का, असं काही जण विचारतात. २०१७ च्या ‘अँड्रोमेडा’ने तो प्रश्न टाळला: त्यातली माणसं तिसऱ्या भागाच्या घटना घडण्याआधीच दुसऱ्या आकाशगंगेकडे निघालेली. डिसेंबर २०२० च्या झलकीत लियारा बर्फात एन-७ चिलखताचा (शेपर्ड घालतो त्या) तुकडा उचलताना दिसते, म्हणजे आता कुठला तरी एक शेवट खरा धरावा लागणार असं दिसतंय. तसं झालं तर बाकीचे शेवट निवडणाऱ्यांची पावती पुन्हा हुकेल, त्यामुळे मी त्यावर फार आशा ठेवत नाही.

तुम्ही लाल पर्याय घेतलात म्हणून एक खुलासा. ढिगाऱ्यात एन-७ चिलखतातलं शरीर एक श्वास घेतं ते दृश्य दिसलं असेल, तर शेपर्ड जिवंत आहे असं मानायला हरकत नाही. स्मृतिभिंतीवर न लागलेली पट्टी त्याच्याशी जुळते. दिसलं नसेल तर तुमची लष्करी ताकद कमी पडली.

आणि दुसऱ्यांदा खेळणार असाल तर ‘सिटाडेल’ ही पुरवणी कधी खेळता याकडे लक्ष द्या. ती मार्च २०१३ मध्ये, म्हणजे सगळा वाद होऊन गेल्यावर आली. सिटाडेलवरच्या बंडाळीनंतर तिचं निमंत्रण येतं आणि बहुतेक जण आलं की लगेच खेळून टाकतात. तसं करू नका. रॅनॉक उरकून घ्या, मग सर्बेरस या शत्रू संघटनेच्या मुख्यालयाचं मिशन सुरू करण्याच्या अगदी आधी ती खेळा, कारण त्या मिशननंतर मागे येता येत नाही. त्यातली शेपर्डच्या क्लोनची कथा थिल्लर आहे, ती झपाट्याने संपवा. नंतर साथीदारांची एकेकट्याने भेटायची निमंत्रणं येतात, त्यातलं एकही सोडू नका. थेनशी ओळख होती का? त्याची शोकसभा तिथेच आहे, घरात, मोजक्या माणसांत. हे सगळं झाल्यावर मेजवानी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी गोदीवर नॉर्मंडीकडे बघत सगळे उभे राहतात ते दृश्य झालं की थेट शेवटच्या मोहिमेवर निघा. लंडनमध्ये पळण्याआधी प्रत्येकाशी बोलायची संधी मिळते तेव्हा घाई करू नका, तिथल्या छावणीत कोपऱ्याकोपऱ्यात माणसं आहेत, काही तर फक्त होलोग्रामवर भेटतात. त्यानंतर तो मुलगा काय बोलायचं ते बोलू दे.